निवृत्त पाळकाचा आठवडा आणि मधमाश्यांचा आठवडा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

निवृत्त धर्मगुरूंच्या दिनक्रमावर वर्तमानपत्रांतून अधूनमधून लेख येतात. त्यांतली छंदांची यादी ठरलेली असते: बागकाम, वाचन, पक्षीनिरीक्षण, जुनी तिकिटे आणि शेवटी 'मधमाश्यांच्या एकदोन पेट्या'. या शेवटच्या छंदाबद्दल लिहिण्याचा सूर असा असतो की पेटी आणून कुंपणाशी ठेवली की माश्या आपलं आपण बघतात आणि माणसाने खुर्ची टाकून त्यांच्याकडे पाहत बसायचे. ही समजूत साफ चुकीची आहे, आणि ती सर्वांत महागात पडते ती उन्हाळ्याच्या तोंडाशीच. उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण प्रदेशांत मे आणि जून हे दोन महिने मेलिफेरा जातीच्या (युरोपीय मधमाशीच्या) पेट्या दर सात दिवसांनी उघडून पाहाव्याच लागतात. हे ज्याला जमणार नाही त्याने दुसरा छंद निवडावा. पण ज्याचा सगळा जन्म आठवड्याच्या चाकावर गेला, त्या पाळकासाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूसाठी, याच्याइतका अनुरूप उद्योग नाही, असे माझे ठाम मत आहे.

पाळकाची निवृत्ती ही इतरांच्या निवृत्तीसारखी नसते. नोकरी सुटते तेव्हा बहुधा राहते घरही सुटते, कारण ते मंडळीचे, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांचे, असते. नव्या पाळकाला मोकळेपणाने काम करता यावे म्हणून जुन्याने त्या मंडळीपासून दूर राहावे, नव्याने बोलावल्याशिवाय तिथले लग्न, बाप्तिस्मा, दफनविधी करू नयेत, असा बहुतेक पंथांत संकेत आहे. म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंत चालणारी संदेशाची (प्रवचनाची) तयारी, रविवारची उपासना, मधल्या वारी आजाऱ्यांच्या भेटी हा सगळा सांगाडा एका दिवसात निघून जातो. अशा माणसाला 'आता आराम करा' असे सांगणे हे उत्तर नव्हे. त्याला तारीख असलेले काम हवे असते.

धर्मगुरूंनी मधमाश्यांसाठी जे केले आहे ते छंदाच्या पलीकडचे आहे. वसाहतीचा कारभार राजाच्या नव्हे तर राणीच्या भोवती चालतो, हे इंग्लंडमधल्या चार्ल्स बटलर या पाळकाने १६०९ साली छापील पुस्तकात ठासून मांडले. नर माश्या फलन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात, हे सायलेशियातल्या (हा प्रांत आज बहुतांश पोलंडमध्ये आहे) यान झिएर्झोन या कॅथलिक धर्मगुरूने १८४५ मध्ये सांगितले. अमेरिकेतले रेव्हरंड लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये ओळखले की पेटीत साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट राहू दिली तर माश्या ती रस्ता म्हणून मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट राळेने बुजवतात, रुंद असेल तर तिथे जास्तीचे पोळे बांधतात. आज जगभर वापरात असलेली सुट्या चौकटींची (पोळे धरणारी प्रत्येक लाकडी चौकट वेगळी काढता येते अशी) पेटी या एका मापावर उभी आहे. पेटंट १८५२ चे, पण त्यातून त्यांच्या हाती पैसा फारसा लागला नाही. १८९५ च्या ऑक्टोबरात, एका रविवारी, उपासनेत संदेशाला सुरुवात करतानाच त्यांचा अंत झाला. आणि इंग्लंडमधल्या बकफास्टच्या मठातले ब्रदर अ‍ॅडम नव्वदी ओलांडेपर्यंत पेट्यांवर काम करत होते. तेव्हा वयाची सबब फारशी टिकत नाही.

आता सात दिवसांचा हिशेब. राणीचे अंडे तीन दिवसांत फुटते. अळी पाचेक दिवस रॉयल जेलीवर (कामकरी माश्यांनी स्रवलेल्या दुधाळ अन्नावर) वाढते आणि आठव्या दिवसाच्या सुमारास राणीघराचे, म्हणजे नवी राणी वाढवण्यासाठी बांधलेल्या मोठ्या घराचे, तोंड मेणाने बंद होते. सोळाव्या दिवशी नवी राणी बाहेर येते. जुनी राणी मात्र तोवर थांबत नाही. राणीघर बंद झाले की पुढच्या पहिल्या ऊबदार दुपारी ती निम्म्या माश्या घेऊन निघते; हाच थवा. म्हणजे आज राणीघरात अंडे नव्हते असे पाहून झाकण लावले, तर जास्तीत जास्त आठ दिवस हातात आहेत. सातव्या दिवशी पाहिले की ते राणीघर अजून उघडे सापडते आणि काही करता येते. दहाव्या दिवशी पाहिले की थवा कुणाच्या तरी धुरांड्यात गेलेला असतो. राणीच्या एका पंखाचा तिसरा हिस्सा कापून ठेवला असेल तर थोडी सवलत मिळते: थवा उठतो, राणी उडू न शकल्याने गवतात पडते, माश्या परत येतात. अशी राणी बहुधा हरवते, पण माश्या राहतात आणि पाहणी दहा दिवसांवर नेता येते. एवढ्याचसाठी पंख कापणे योग्य की नाही यावर पाळणाऱ्यांत एकमत नाही. वयस्कर माणसाने ही सवलत घ्यावी असे मला वाटते.

वार निवडतानाही विचार हवा. निवृत्त पाळकाला रविवारी कुठे ना कुठे बदली उपासनेसाठी बोलावणे येतेच, त्यामुळे बरेच जण पाहणीला शनिवार धरतात. शनिवारी पाऊस लागला की रविवार हातचा गेलेला असतो, पाहणी सोमवारी होते, आणि सातचे नऊ दिवस झालेले असतात. बुधवार किंवा गुरुवार धरावा. पुढे दोनतीन दिवसांचा पैस राहतो. थवे स्वच्छ दिवशी, अकरा ते तीनच्या दरम्यान उठतात, म्हणजे रविवारी नेमके उपासनेच्या वेळी किंवा ती सुटता सुटता. चर्चच्या आवारात पेट्या ठेवायच्या असतील तर आधी मंडळीच्या कमिटीची लेखी परवानगी घ्यावी आणि दफनविधीच्या दिवशी पेटी उघडू नये.

प्रत्यक्ष पाहणीला ऊन हवे, तापमान १५ अंश सेल्सिअसच्या वर हवे, वारा नको. माश्यांना धूर द्यायचे हातातले धुराडे आधी पेटवून घ्यावे. तळाशी कागद आणि वाळकी काटकुळे, त्यावर गोणपाटाची घट्ट गुंडाळी किंवा कुजून वाळलेले लाकूड, नीट धुमसू लागल्यावर वर मूठभर हिरवे गवत. हे गवत ठिणग्या अडवते आणि धूर थंड करते. धूर तळहातावर घेऊन पाहावा; चटका बसला तर तो माश्यांनाही बसतो. दारातून दोनतीन फुंकर आणि मग दोन मिनिटे थांबायचे. हे थांबणेच लोक गाळतात. धूर लागला की माश्या पोटात मध भरून घेऊ लागतात आणि शांत होतात, पण त्याला तेवढा वेळ लागतो.

उभे राहायचे ते पेटीच्या मागे किंवा बाजूला, दारासमोर कधीही नाही. झाकण उलटे जमिनीवर, त्यावर मधकोठी (मध साठवायचा वरचा मजला) तिरकी ठेवायची म्हणजे खाली माश्या कमी चिरडतात. राणीला वर मधकोठीत जाऊ न देणारी राणीरोधक जाळी उचलल्यावर तिच्या खालच्या अंगाला राणी नाही ना हे पाहून मगच ती बाजूला ठेवावी. पहिली चौकट कडेची काढावी, मधली नव्हे. कडेला सहसा पिल्ले (अंडी, अळ्या, कोष) नसतात, आणि ती बाहेर ठेवली की बाकीच्या चौकटी आधी आडव्या सरकवून मग सरळ वर उचलता येतात. मधलीच ओढून काढली की शेजारच्या पोळ्यावर माश्या घासून रगडल्या जातात, राणी असली तर तीही. चौकट नेहमी पेटीच्याच वर धरावी. राणी पडली तर आत पडेल. सूर्य खांद्यामागे घेऊन घरांच्या तळाशी पाहिले की तांदळाच्या कणीसारखी अंडी दिसतात. अंडी उभी दिसली की राणी निदान तीन दिवसांपूर्वीपर्यंत होती हे नक्की, मग तिला शोधत बसायचे कारण नाही. अंडी, पुढच्या आठवड्याला पुरेल एवढा मध, मोकळी जागा, पिल्लांची तब्येत आणि राणीघरे, एवढे पाहिले की पेटी बंद. एका पेटीला पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ.

पिल्लांच्या तब्येतीबाबत एकच गोष्ट सांगतो. बंद घरांची झाकणे खचलेली, तेलकट, भोके पडलेली दिसली तर आत काडी घालून हळूच बाहेर ओढावी. तपकिरी, चिकट तार निघाली तर तो अमेरिकन फाउलब्रूड हा पिल्लांचा संसर्गजन्य रोग असण्याची दाट शक्यता असते. पेटी बंद करावी, कुठलीही चौकट दुसऱ्या पेटीत टाकू नये आणि संबंधित सरकारी यंत्रणेला कळवावे.

राणीघरांचा अर्थ लावण्यातच बहुतेकांची गफलत होते. चौकटीच्या खालच्या कडेला रिकाम्या वाट्या असतात, त्या असतातच. त्यांत अंडे किंवा अळी नसेल तर काळजी नाही. कडांना दहा-पंधरा भरलेली राणीघरे म्हणजे वसाहत फुटायची तयारी. पोळ्याच्या मध्यावर एखाददोन राणीघरे म्हणजे बहुधा म्हातारी राणी बदलण्याचा विचार, तिथे हात लावू नये. आणि साध्या घरांवरच घाईने वाढवलेली राणीघरे म्हणजे राणी अचानक गेली. ही घरे माश्यांच्या गर्दीखाली दडतात, म्हणून प्रत्येक चौकट पेटीत धरून एक झटका देऊन माश्या झाडाव्यात आणि कोपरेन् कोपरे पाहावेत.

इथे नवखा माणूस सगळी राणीघरे चिरडून निर्धास्त होतो. त्याने दोन प्रकारे नुकसान होते. एक तरी घर नजरेतून सुटते आणि थवा जातोच. दुसरे त्याहून वाईट: थवा आधीच गेलेला असतो, पेटीत अंडी नसतात, आणि उरलेली बंद राणीघरे हीच वसाहतीची एकमेव आशा असते, ती आपण आपल्या बोटांनी संपवतो. म्हणून आधी अंडी शोधावीत. अंडी नाहीत आणि राणीघरे बंद आहेत, तर एक ठेवून बाकीची काढावीत आणि पेटीला तीन आठवडे हात लावू नये.

अंडी आहेत, राणी आहे, राणीघरे अजून उघडी आहेत, तर वसाहत आपणच फोडावी. पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. मूळ पेटी किमान एक मीटर बाजूला सरकवायची आणि तिच्या जागी रिकामी नवी पेटी ठेवायची. राणी शोधून ती असलेली पिल्लांची एक चौकट नव्या पेटीत मधोमध ठेवायची. त्या चौकटीवर एकही राणीघर राहता कामा नये. बाकीची जागा मेणपत्रा (पोळे बांधायला आधार देणारा मेणाचा पातळ पत्रा) लावलेल्या चौकटींनी भरायची, वर जाळी आणि मधकोठ्या. बाहेर फिरणाऱ्या माश्या सवयीने जुन्या जागी परततात आणि राणीला मिळतात. राणीला वाटते आपण नव्या घरी आलो, फुटण्याची ओढ निघून जाते. मूळ पेटीत पिल्ले, लहान माश्या आणि राणीघरे उरतात. त्यांतले एकच ठेवायचे, तेही उघडे, आत दुधाळ जेलीत अळी दिसते असे. त्या चौकटीच्या डोक्यावर टाचणी टोचून खूण करावी आणि ती चौकट झटकू नये, कारण झटक्याने अळी जेलीतून सुटते.

सातव्या दिवशी दोन कामे असतात. मूळ पेटीत माश्यांनी मधल्या काळात आणखी राणीघरे उभी केलेली असतात, ती सगळी काढायची. यानंतर पेटीत पुरेशी लहान अळी उरत नाही, म्हणून हे काम एकदाच करावे लागते. मग ती पेटी उचलून नव्या पेटीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवायची. आठवड्याभरात बाहेर जाऊ लागलेल्या तिच्या माश्या जुन्या जागी परततात, घर सापडत नाही, आणि शेजारच्या राणीच्या पेटीत शिरतात. मूळ पेटी इतकी विरळ होते की दुसरा थवा निघायला माश्याच नसतात. ही दुसरी हलवाहलव लोक कंटाळ्याने टाळतात आणि मग 'पद्धत चालत नाही' म्हणतात. नवी राणी बाहेर येऊन, नरांशी संयोग होऊन, अंडी घालायला लागेपर्यंत सगळे मिळून महिनाभर जातो. त्या काळात भर दुपारी पेटी उघडू नये. राणी बाहेर गेलेली असली तर परतताना वाट चुकते.

वजनाचा मुद्दा वयामुळे महत्त्वाचा. भरलेली मधकोठी १२ ते १५ किलोची असते आणि ती कंबरेत वाकून, हात पुढे करून उचलावी लागते. पाठ जाते ती इथे. पेटीचे स्टँड साधारण ४५ सेंटिमीटर उंच करावे आणि शेजारी तेवढ्याच उंचीचे रिकामे स्टँड ठेवावे, म्हणजे कोठी जमिनीवर ठेवायचा प्रश्न येत नाही. जड वाटली तर दोनदोन चौकटी रिकाम्या कोठीत हलवाव्यात. शिडीवर चढून थवा उतरवण्याचे काम सत्तरीनंतर करू नये. फांदी हाताच्या उंचीवर असेल तरच खोके खाली धरून एक जोरकस झटका द्यावा, चादरीवर खोके उलटे ठेवून एका बाजूला दगडाचा टेकू द्यावा आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहू द्यावे. दारात माश्या शेपूट वर करून पंख हलवताना दिसल्या की राणी आत आहे असे समजायला हरकत नाही.

डंखाबद्दल लेखांत 'माश्यांना ओळख पटते' असे काहीतरी लिहिलेले असते. तसे काही नसते. काटा सापडल्या क्षणी काढावा, नखाने की चिमटीने याला महत्त्व नाही, वेळ महत्त्वाचा. मग त्या जागी धूर द्यावा, कारण काट्यासोबत सुटणारा वास इतर माश्यांना तिथेच बोलावतो. जाड चामडी हातमोज्यांत हा वास मुरतो, पातळ नायट्रिलचे हातमोजे बरे आणि बोटांना जाणही राहते. सर्वांत गंभीर बाब औषधांची. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर तीव्र अ‍ॅलर्जी आल्यास ती जास्त गंभीर होऊ शकते आणि अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन कमी पडू शकते. पहिली पेटी आणण्याआधी डॉक्टरांना हे स्पष्ट विचारावे, आणि पाहणीच्या वेळी घरातल्या कुणाला तरी ठाऊक असावे की आपण पेट्यांपाशी आहोत.

वसंतातला फुलोरा ओसरून मुख्य फुलोरा सुरू व्हायला कधीकधी दोनतीन आठवडे जातात. याच काळात वसाहत सर्वांत मोठी आणि कोठार सर्वांत रिकामे असते. पेटी मागून हाताने किंचित उचलून पाहावी. हलकी लागली तर १ किलो साखर १ लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी द्यावी, पण वर मधकोठी असताना कधीही नाही, नाहीतर साखरेचा पाक मधात जातो. पाण्याचे उथळ ताट, खडे घालून, उन्हात, माश्या पहिल्यांदा बाहेर पडतात तेव्हापासून ठेवावे. शेजाऱ्याच्या तळ्याची एकदा सवय लागली की ती मोडत नाही.

संध्याकाळी करायचे काम म्हणजे चौकटी जुळवणे. लाकडाचे सहा तुकडे, अकरा खिळे, मध्ये तार घातलेला मेणपत्रा. खिळे ठोकण्याआधी चौकट काटकोनात आहे का ते पाहावे. तिरकी चौकट पेटीत बसते, पण लँगस्ट्रॉथ यांची ती फट बिघडवते आणि मग माश्या दोन चौकटी एकमेकींना चिकटवून टाकतात. थंडीत पडून राहिलेला मेणपत्रा पांढुरका आणि ठिसूळ होतो, त्यावर केस वाळवायच्या यंत्राची ऊब थोडी फिरवली की तो मऊ होतो. या चौकटी एप्रिलमध्येच तयार हव्यात. राणीघरे दिसल्यावर खिळे शोधायला सुरुवात करणे म्हणजे थवा घालवणे.

नोंदवही पाळकांना शिकवावी लागत नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे ज्याने चाळीस वर्षे भरली, तो तारीख, अंडी, पिल्लांच्या चौकटी, राणीघरे, मध आणि स्वभाव हे सहा रकाने सहज भरतो. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचे निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट हेही चर्चचे सेवक. १७६८ पासून १७९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी निसर्गाची नोंदवही ठेवली, आणि ती आजही वापरली जाते ती तारखांमुळे. वही घरात न ठेवता प्रत्येक पेटीच्या झाकणाखाली कार्ड ठेवावे, कारण आपण आजारी पडलो तर दुसऱ्याला तेच वाचून पेटी उघडायची असते.

असा दुसरा माणूस आधी ठरवल्याशिवाय पेटी घेऊ नये. मे-जूनमध्ये नातवंडांकडे महिनाभर जायचा बेत असेल तर त्याला चार पाहण्या करून द्याव्या लागतील, आणि त्या बदल्यात त्याच्या सुट्टीत आपण करायच्या. सुरुवात दोन पेट्यांनी करावी. एकीत राणी आहे की नाही शंका आली तर दुसरीतली अंड्यांची एक चौकट तिच्यात ठेवता येते; तीनचार दिवसांत त्यावर राणीघर उठले तर राणी नाही. चारांच्या वर जाऊ नये. निवृत्तीच्या आदल्या वर्षी कुणाच्या तरी हाताखाली एक पूर्ण हंगाम काढावा, पेट्या नंतर आणाव्यात.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुढे लेख येईल तेव्हा छंदांच्या यादीऐवजी असे एखादे आठवड्याचे वेळापत्रक छापावे, ही विनंती. निवृत्त होणाऱ्या अनेक पाळकांना त्याचा उपयोग होईल.

कळावे,
आपला नम्र,
एक मधमाशीपालक वाचक